अकरा दिवसांचं विरजण

समवेगपेटीच्या काचेमागे मंजुळा अकरा दिवस पडून होती, तोंड अर्धवट उघडं. घोणस चावल्यावर तिला या सर्पविषाच्या प्रयोगशाळेत आणलं, औषधाची सुई दिली आणि पेटी चालू केली. त्या घटकेला ती म्हणत होती, "आई, जेव—" शब्द ओठातच थिजला.

तिची आई ठकूबाई खिलारे काचेपासून हलली नव्हती. चाळीस म्हशींची मालकीण ती. गावात तिच्यापुढं आवाज चढवायची कुणाची छाती नव्हती. पहिल्याच दिवशी तिनं डॉक्टर तांबोळींना धारेवर धरलं होतं.

"बर्फात घातली नाही, अंग तर कोमट. मग विष थांबलं कसं? मी शाळा पाहिली नाही, पण अक्कल गहाण नाही टाकलेली. नीट सांगा."

"मावशी, तुमच्या कळपात कुंपण मोडणाऱ्या म्हशी किती?"

"दोन. बाकीच्या नुसत्या रवंथ करतात."

"रेणूंचंही तेच. तापमान म्हणजे साऱ्या कळपाची सरासरी चाल. पण त्यात कुणी सुस्त, बरेचसे मध्यम, नि मूठभर दांडगे. रासायनिक क्रियेचं कुंपण हे मूठभरच ओलांडतात. टकरा होऊन नवे दांडगे सारखे तयार होतात, पेटी त्यांना तितक्याच झपाट्यानं वेचून शांत करते. सरासरी जवळपास तीच राहते, दांडगा मात्र एक उरत नाही. म्हणून विष थांबलं. हृदयसुद्धा."

"आणि तुमचं औषध?"

"त्याचं कुंपण ठेंगणं. मध्यम रेणूही ओलांडतील. दूध विरजण्याइतकं काम आत चालूच राहील."

बोलायला काय जातं! ठकूबाईनं घरून दूध मागवलं आणि विरजण घालून वाटी झरोक्यातून मंजुळेच्या उशाशी ठेवायला लावली.

अकराव्या सकाळी तांबोळी हसत आले. "औषधानं विष केव्हाच संपवलं असेल. उघडू या." रक्तशुद्धीचं यंत्र त्यांनी दुसऱ्या रुग्णाकडे पाठवूनही दिलं होतं.

"हात लावाल तर याद राखा! आधी पेटी जरा हलवा."

त्यांनी हलवली. वाटीतलं दूध डचमळलं.

"अकरा दिवस, कोमट जागा, माझ्या हातचं विरजण, आणि दूध जसंच्या तसं. मग तुमचं औषध तरी कुठं लागलं असेल?"

तांबोळींचा चेहरा उतरला. औषधाचं कुंपण त्यांनी बाहेर, साध्या काचनळीत मोजलं होतं. तिथं दांडगे मोकळेच होते.

"म्हणजे उघडताच..."

"विष नि औषध एकदमच दावं तोडणार. तुमचा असेल अकरावा, डॉक्टर. माझ्या लेकीचा पहिलाच दिवस आहे. आणा यंत्रं!"

यंत्रं आली, रक्ताच्या पिशव्या आल्या, औषधाचा दुसरा डोस भरून तयार झाला. मगच पेटीची कळ बंद करून झाकण उघडलं.

"—लीस का?" मंजुळा म्हणाली, आणि तिच्या हिरड्यांतून रक्त वाहू लागलं.

उत्तर द्यायला कुणाला सवड नव्हती. घोणसीचं विष रक्त गोठू देत नाही, म्हणून दुपारी दोनदा तिचं रक्त काचनळीत घेऊन पाहिलं. दोन्ही वेळा ते पाण्यासारखं वाहिलं. ठकूबाई मांडीवर वाटी घेऊन भिंतीशी बसून राहिली.

दिवेलागणीला तांबोळींनी तिसरी नळी तिरकी केली. रक्त जागचं हललं नाही.

"गोठलं," ते म्हणाले. "मावशी, औषध लागलं!"

ठकूबाईनं वाटी तिरकी केली. दहीही हललं नाही. मग लेकीच्या कानाशी वाकून तिनं सकाळच्या, अकरा दिवसांपूर्वीच्या प्रश्नाचं उत्तर दिलं.

"नाही गं, जेवले नाही अजून. आता जेवते."