कुंकू लागलं इंग्रजीच्या तासाला

"ओ, तो खडू खाली ठेवा! तास माझा आहे."

मी दारातूनच ओरडले. फळ्यापाशी उभा असलेला उंच, सावळा पोरगा शांतपणे वळला. "तुमचा? मग मला कावून पाठवलं हितं?"

बी.एड.चे शेवटचे सराव पाठ, उमापूरची सकाळची शाळा, आणि दोघांच्या दोन वेगळ्या कॉलेजांनी आम्हाला एकाच सातवीवर धाडलेलं. पोरं खी खी करायला लागली. शेवटी दोघांनी मिळून इंग्रजी शिकवायचं ठरलं. अंगद त्याचं नाव. माझ्यासारखाच मेंढरं राखणाऱ्या घरातला.

"आमचे सर म्हणालेत, पोरांना बोलतं करा," मी म्हटलं. "त्यांनी घरात बघितलेला प्रसंग घ्या."

"लगीनसराई चालू हाय. पोरगी बघायचा कार्यक्रमच घेऊ." त्याचे डोळे चमकले. "पोरगी तुमी... पोरगा मी. जमंल ना?"

"पाठापुरतं हं!" माझे कान मात्र तापले.

आठवडाभर तास सुटला की आम्ही व्हरांड्यात बसून संवाद लिहायचो. तो नुसता बघायचा — आणि मी सोपं सोपं वाक्य विसरायचे. हा माणूस मला आवडायला लागलाय हे कळलं, तेव्हा जीव घाबरा झाला. कारण हैदराबादला, इंग्रजी कसं शिकवायचं याच्याच एम.ए.ला माझा नंबर लागला होता. आबांनी एकच अट घातलेली — "लग्नाचं नाव मी काढणार न्हाई. पर तुझं काई कानावर आलं, तर शिक्षण बंद."

पाठाच्या दिवशी पोरांनी धमाल उडवली. नवऱ्याची आत्या झालेल्या सातवीतल्या करिष्मानं दरडावून विचारलं, "कॅन यू मेक भाकरी?"

"येस. बट ही विल वॉश द प्लेट्स," मी म्हणाले.

"आय लाइक धिस गर्ल!" अंगद म्हणाला.

हे आम्ही लिहिलंच नव्हतं! आणि मी सावरायच्या आत करिष्मानं घरून आणलेलं खरंखुरं कुंकू माझ्या कपाळाला लावलं, पदरात नारळ टाकला. अगं बाई! आमच्याकडं असं कुंकू लागलं की सोयरीक पक्की. नेमकी शाळेत खिचडी शिजवणारी दगडाबाई दारात उभी, आणि ती आमच्या भावकीतली.

"आगं बया! बबिताला कुंकू लागलं!" म्हणत तिनं थेट आबांना फोन लावला.

शाळा सुटायच्या आत आबांची मोटरसायकल फाटकात हजर.

"बबे, कपाळाला काय हाय हे?"

"आबा... पाठ होता. इंग्रजीचा."

"इंग्रजीत कुंकू लावत्यात व्हय?" ते अंगदकडे वळले. "तू सांग. खेळच व्हता ना?"

तो नुसता 'हो' म्हणाला असता तर सगळं तिथंच मिटलं असतं. पण घाम पुसत तो म्हणाला, "पोरांचा खेळ व्हता. माझा... न्हाई."

बाप रे! वाटोळं केलं की यानं माझं! मला असा संताप आला... आणि त्याच दमात इतका आनंद झाला की रडूच फुटलं.

"झालं. शिक्षण बंद," आबा म्हणाले.

"न्हाई आबा! मला हैदराबादबी पायजे, आन ह्योबी पायजे. एकापायी दुसरं सोडणार न्हाई."

हे मी बोलले? मी? आबांना जन्मात कधी उलट बोलले नव्हते. आबा मग पोरांच्या बाकावर बसले, पाणी मागवून प्यायले, आणि त्यांनी अंगदला हाक मारली.

"ती शिकून येईस्तोवर थांबशील का बे?"

"थांबतो की, मामा!"

"मामा म्हणू नगंस अजून. आन तिच्या परीक्षेच्या दिवसांत फोन केलास तर बघ."

म्हणजे... बाकीच्या दिवसांत चालंल? मी चमकून अंगदकडं पाहिलं. तोही तोंड उघडं टाकून माझ्याकडंच बघत होता.