कारंज्याच्या हौदातला मृत्यू

बंगल्यातले काका कारंज्याच्या हौदात मेलेले सापडले आणि त्याच दुपारी पोलिसांनी वायरमनला उचललं. काकांच्या तळहातावर डॉक्टरांना शॉकचा डाग दिसला होता. बागेतले दिवे, कारंज्याचा पंप, सगळं काम वायरमनच्याच हातचं.

वायरमनची बायको चौकीत पोचली तेव्हा तो गजाआड भिंतीला डोकं टेकून बसला होता.

"माझ्या कामानं माणूस गेला गं."

"अहो, काहीतरीच काय! ट्रिपर बसवला होता ना तुम्ही?"

"बसवला होता. पाण्यात वीज उतरली की तो क्षणात लाइन तोडतो. पण पंपाची केबल सोललेली निघाली, आणि विजेच्या पेटीत ट्रिपरला वळसा घालून वायर जोडलेली. मी नाही जोडली. पण कोण ऐकणार? कबुलीजबाबावर सही मागतायत. देऊन टाकतो."

"मी परत येईपर्यंत पेनाला हात लावायचा नाही!"

ती तडक बंगल्यावर गेली. फौजदार बागेत पंचनामा आवरत होते. काकांचा पुतण्या डोकं धरून पायरीवर बसला होता. स्वयंपाकीणबाई दारात डोळे पुसत उभ्या होत्या.

"बाई, इथे रडून काही होणार नाही," फौजदार म्हणाले.

"रडायला नाही आले, साहेब. दोन-चार प्रश्न विचारू द्या. मग तुम्ही म्हणाल ते खरं."

तिचा चेहरा बघून फौजदारांना नाही म्हणवेना.

ती पुतण्याकडे वळली. "दादा, काकांना पहिल्यांदा तुम्हीच पाहिलंत?"

"हो. खिडकीतून. हौदात हात घालून कमळाची पानं काढत होते, ते तसेच कोसळले. मी धावत सुटलो, तसाच पाण्यात उतरलो, त्यांना ओढून बाहेर काढलं आणि हाका मारल्या."

"शॉक लागला हे कळलं होतं?"

"छे! वाटलं, हार्ट अटॅक. वीज डोक्यातच आली नाही."

ती स्वयंपाकीणबाईंकडे वळली. "मावशी, तुम्ही कशा आलात?"

"यांची हाक ऐकून. एरवी कारंजं चालू असलं की दारातली घंटासुद्धा ऐकू येत नाही मला. पण तेव्हा सगळं कसं चिडीचूप होतं."

"लाइट गेली होती?"

"नाही गं. डोक्यावर पंखा फिरत होता."

"कारंज्याचं बटण कुणी बंद केलं? तुम्ही?"

"मी हातही लावला नाही."

फौजदारांची लेखणी थांबली. ते व्हरांड्यात जाऊन आले. "बटण बंदच आहे. आम्ही आल्यापासून त्याला कुणी हात लावलेला नाही."

ती फौजदारांसमोर येऊन उभी राहिली.

"साहेब, ट्रिपरनं लाइन तोडलेली नाही, त्याला वळसा घातला होता. काकांनी बटण बंद केलेलं नाही, कारण तसं असतं तर ते जिवंत असते. मावशी आल्या त्याआधीच कारंजं बंद होतं. बागेत होते फक्त दादा. त्याच पाण्यात ते उतरले आणि त्यांना मुंगीसुद्धा चावली नाही. म्हणजे आधी बटण बंद केलं, मग उतरले. हार्ट अटॅक आलेल्या माणसासाठी कुणी आधी कारंजं बंद करतं का? पाण्यात वीज आहे हे फक्त ती सोडणाऱ्यालाच ठाऊक होतं!"

"पेटीची किल्ली कुठे असते?" फौजदारांनी विचारलं.

"स्वयंपाकघरात, खिळ्याला," मावशी पुटपुटल्या. "काल दादाच घेऊन गेले होते. म्हणाले, दिवे बघतो."

पुतण्याचा चेहरा पांढराफटक पडला. तो उठला, पण पळाला नाही.

"घराबाहेर काढत होते मला," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "लहानपणापासून राबलो त्यांच्यासाठी. आणि म्हणे, सामान बांध! खापर वायरमनवर फुटेल असं वाटलं होतं."

हवालदारानं त्याचा दंड धरला.

संध्याकाळी चौकीचं दार उघडलं. वायरमन बाहेर आला आणि बायकोसमोर मटकन खाली बसला.

"नक्की ना गं? माझं काम नव्हतं ना ते?"

"नव्हतं," ती म्हणाली. आणि दिवसभर आवरून धरलेलं रडू तिला तिथेच, भर रस्त्यावर फुटलं.