प्रूफ दोघांनी वाचायचं

“प्रूफ दोघांनी वाचायचं असतं, वहिनी. एकानं वाचायचं, दुसऱ्यानं मूळ कागदावर बोट ठेवून हुंकार द्यायचा. जोडीला कुणी नसेल तर मनातल्या मनात वाचा. मागच्या खोलीत एकटीनं मोठ्यानं वाचू नका.”

छापखान्याच्या मालकांनी हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आणि तिनं ते या कानानं ऐकून त्या कानानं सोडून दिलं होतं. जोडीला माणूस आणायचं कुठून? धाकट्या नणंदेचं लग्न, त्यात हॉलवाल्यांनी तारीख आठ दिवस अलीकडे ओढलेली, छापून झालेल्या पत्रिका रद्दीत गेलेल्या. नवरा कामानिमित्त बाहेरगावी. नणंद शिंप्याकडच्या फेऱ्यांत. “तू शिकलेली आहेस, तूच बघ,” सासूबाई म्हणाल्या. घरात कटकटीचं काम निघालं की सगळ्यांना तिचं शिक्षण आठवायचं.

म्हणून भर दुपारी, चार वर्षांच्या चिमणीचं बोट धरून ती छापखान्यात आली. लांबट, अरुंद जागा. पुढे नमुन्याच्या पत्रिकांचं काउंटर, मध्ये मशीन, मागे प्लायवूडची भिंत घालून काढलेली खोली. खोलीत एक टेबल, एक खुर्ची, एक ट्यूबलाइट. शाईचा उग्र वास. मशीनच्या प्रत्येक ठोक्याला पेल्यातलं पाणी शहारायचं.

“पोरीला राहू दे इथं पुढे,” मालक म्हणाले. “उघडली की वाजणारी कार्डं आहेत, खेळेल.”

तीन रात्री तिची झोप पुरी झाली नव्हती. मनात वाचायला गेली तर ओळी एकमेकींवर सांडायला लागल्या. शेवटी तिनं डोळे चोळले आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.

“आमच्या येथे...”

“हं,” प्लायवूडच्या पलीकडून कुणीतरी म्हणालं.

कोरडा, सावकाश आवाज. गोष्ट ऐकत बसलेल्या म्हाताऱ्या माणसासारखा. मालकांना दया आली वाटतं, तिच्या मनात आलं. बसवलं बाई कुणाला तरी.

वधूचं नाव. “हं.” वराचं नाव. “हं.” मग तिनं तारीख वाचली, आणि पलीकडून काहीच आलं नाही. तिनं वर पाहिलं, मग कागदाकडे. जुनीच तारीख राहिली होती! तिनं ती खोडली, नवी लिहिली, पुन्हा वाचली.

“हं.”

पुढे फोन नंबरापाशी तसंच झालं. दोन आकडे उलटे पडले होते. आपण मूळ कागद तर आपल्याच पुढ्यात ठेवलाय, मग हा कशावर बोट ठेवतोय, हा प्रश्न तिला पडला नाही असं नाही. पण दमलेल्या माणसाला मदत मिळाली की तो फार चौकशा करत नाही. “काका, तुम्ही होतात म्हणून बरं,” ती हसून म्हणाली. त्यावर हुंकार आला नाही.

सगळ्यात खाली घरातल्या मुलांची नावं होती. थोरल्या दिरांच्या मुलाचं. “हं.” त्याच्या बहिणीचं. “हं.”

मग तिनं चिमणीचं नाव वाचलं.

मशीनचा ठोका पडला. आणखी एक पडला.

तिनं अक्षर न् अक्षर तपासलं. काना, मात्रा, वेलांटी, सगळं जागच्या जागी. “बरोबर आहे हो काका,” ती म्हणाली, आणि नाव पुन्हा वाचलं. जरा मोठ्यानं.

काही नाही.

खुर्ची मागे लोटून ती पुढे धावली.

चिमणी काउंटरपाशी शहाण्यासारखी बसली होती. फारच शहाण्यासारखी. हातातलं बिस्कीट तसंच होतं. हनुवटीवरून लाळ ओघळत होती.

“काय झालं गं?”

“काही नाही.”

मांडीवर एक कार्ड उघडं पडलं होतं. ते वाजत नव्हतं. तिनं ते उलटलं. आतली प्लास्टिकची खोबण रिकामी होती.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला. अन्ननलिकेत पांढरी गोल टिकली. “तासाभरात आणलंत म्हणून,” ते म्हणाले. “हा बटणासारखा सेल फार वाईट. आतून जाळत जातो. कळलं कसं तुम्हाला?”

तिनं नुसतं रिकामं कार्ड पुढे केलं.

तिसऱ्या दिवशी चिमणी आजीच्या मांडीवर बसून हट्ट करण्याइतकी बरी झाली. “तुझी नजर असते म्हणून वाचली हो पोर,” सासूबाई म्हणाल्या. त्यांनी असं काही चांगलं म्हणायची ही पहिलीच वेळ, आणि तिला ते घेताही येईना.

पत्रिका छापून झाल्या होत्या. पाकिटांवरच्या पत्त्यांचं प्रूफ वाचायचं राहिलं होतं. ती छापखान्यात गेली ती थेट मालकांपुढे उभी राहिली. “प्लायवूडपलीकडे कोण बसतं?”

त्यांनी हात पुसले आणि तिला प्लायवूडला वळसा घालून नेलं. तिथे जमिनीपासून छतापर्यंत कागदाचे गठ्ठे रचलेले होते. गठ्ठे आणि प्लायवूड यांच्यामध्ये दोन बोटांची फट. मांजरसुद्धा बसलं नसतं.

“सांगितलं होतं मी,” ते म्हणाले. “पत्त्यांना मी बसतो जोडीला.”

“नको,” ती म्हणाली.

तीनशे बारा नावं. ती एकटीनं, मोठ्यानं वाचू लागली. आता चुकीसाठी कोण वाचत होतं? मावससासूबाई. “हं.” बाहेरगावी असलेला नवरा जिच्याकडे उतरला होता ती आतेबहीण. “हं.” स्वतःच्या आईचं नाव यायच्या आधी ती घोटभर पाणी प्यायली.

“हं.”

तिनं पदरानं डोळे पुसले. घसा बसत चालला होता, पण एक नाव गाळायची तिची छाती नव्हती.

दोनशे सत्तेचाळिसाव्या नावाला हुंकार आला नाही.

तिनं अक्षरं जुळवली. पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा वाचलं.

तिनं घरी सासूबाईंना फोन लावून ते नाव सांगितलं. “आई, हे कोण हो?”

“कुणास ठाऊक. तुझ्या सासऱ्यांच्या वहीतून उतरवलंय सगळं. ते असते तर सांगितलं असतं त्यांनी.”

फोन नंबर नाही. शहर दूरचं, इमारतीचं नाव आहे, खोलीचा आकडा नाही. ते पाकीट तिनं त्याच दिवशी कुरिअरनं पाठवलं. मागे पेनानं लिहिलं, ‘मिळताच फोन करा.’ कुरिअरवाला म्हणाला, खालच्या पेटीत टाकलंय. लग्न झालं, पाहुणे परतले. फोन आला नाही. तिनं त्या पत्त्यावर आणखी दोन पत्रं धाडली.

ते नाव ती आता उच्चारत नाही, म्हणून इथंही लिहिलेलं नाही. तुमच्याकडे तिचं एवढंच मागणं आहे. तुमच्या जिन्याखालच्या पेटीत एखादी लग्नपत्रिका कधीपासून तशीच पडून असेल, तर तिच्यावरचं नाव बघा आणि वर जाऊन त्या दाराची बेल वाजवा. हाक मारा. आणि आतून नुसतंच कुणी “हं” म्हणालं, तर तेवढ्यावर परत फिरू नका. दार उघडायला लावा. चेहरा बघा.