पारास्किवाचे कपडे

स्मारांदा बुखारेस्टला एकटी निघाली तेव्हा अख्ख्या गावाने तिला शहाणपण शिकवलं. पिशवी छातीशी धर. टॅक्सीत बसू नकोस. आणि काही झालं तरी कोणाला नाव सांगू नकोस, त्या शहरात बाईचं नाव काढून घेतात आणि त्यावर नाही नाही ते उद्योग करतात. सांगणाऱ्यांतल्या निम्म्यांनी बुखारेस्ट पाहिलेलंही नव्हतं. पण एकट्या बाईला उपदेश करायला लागतं काय? तोंड असलं की पुरतं.

तिचं काम एकच होतं. लेक, इलिंका, तिथल्या इस्पितळात होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या काळजाचं ऑपरेशन. फोनवर पोरगी एवढंच म्हणाली होती, "आई, मला आत नेतील तेव्हा तू दारात हवीस. तू दिसलीस की मी परत येईन."

ऑगस्टची दुपार होती. डांबर मऊ झालं होतं. लिंडनची झाडं धूळ खाऊन गप्प उभी होती. इस्पितळाचं फाटक चारला उघडणार, म्हणून स्मारांदा एका उंच इमारतीच्या सावलीत टेकली. तिथे काळा रुमाल बांधलेली एक तरुण बाई तिच्यासमोर येऊन उभी राहिली. आधी तिने स्मारांदाचे खांदे पाहिले, मग पाय, आणि मग चेहरा.

"मावशी, बाहेरगावच्या का?"

"कोंबड्यांचा वास येतोय का अंगाला?"

"तसं नाही हो. एकट्याच आलात?"

"तुला काय करायचंय?"

"आज माझ्या आईचा चाळिसावा दिवस आहे," बाई म्हणाली. "तिच्या नावाचे कपडे घालून बसायला बाई मिळत नाहीये. शेजारणी दारं लावून घेतात. तुमचा बांधा अगदी तिच्यासारखा आहे..."

आता हे असं आहे की आपल्या ओल्तेनिया मुलखात याला कोणी नाही म्हणत नाही. मेलेलीच्या वयाची, बांध्याची बाई बसवायची, डोक्यापासून पायापर्यंत नवे कपडे घालायचे, पोटभर जेवू घालायचं. तेवढा वेळ तीच मेलेली बाई. तिच्याशी बोलायचं, राहिलेलं सांगून टाकायचं. मग उंबऱ्यावर तिला तिच्या स्वतःच्या नावाने हाक मारायची, तिने ओ द्यायची आणि आपल्या घरी जायचं. स्मारांदा गावात अशी चार-पाच जणींसाठी बसली होती. तिला त्याचा अभिमानही होता. शहरातल्या माणसांना मेलेल्याला धड वाटेला लावताही येत नाही, असं मनाशी म्हणत ती उठली.

सहावा मजला. घरात डांबराच्या गोळ्यांचा आणि उकडलेल्या गव्हाचा वास कोंडला होता. पडदे ओढलेले, आरशावर अजून चादर टाकलेली. टेबलाशी म्हातारा बसला होता, पांदेले. मेली ती त्याची बायको, पारास्किवा. काळ्या रुमालाची ती लेक, मारियेता.

"देव तुमचं भलं करो," पांदेले म्हणाला. "नाव काय आपलं?"

स्मारांदाच्या ओठांवर आलं होतं. पण गाव आठवलं.

"नावाचं काय करायचंय? वाटेवरची बाई म्हणा."

म्हाताऱ्याने लेकीकडे पाहिलं. लेकीने मान खाली घातली.

"बरं," तो हळूच म्हणाला. "तसंच म्हणू."

कपडे कोरे होते. झगा, मोजे, रुमाल, काळे बूट. बूट इतके चपखल बसले की स्मारांदाला बरं वाटायच्या ऐवजी कसंसंच झालं. तिचे उतरवलेले कपडे मारियेताने घडी करून आतल्या खोलीत ठेवले, आणि ती बाहेर येऊन बसली.

जेवण सुरू झालं. कोबीच्या पानात वळलेले भाताचे गोळे, वर दही. पांदेले रीतीप्रमाणे बोलू लागला.

"पारास्किवा, गेलीस ती गेलीस. घरात साखर कुठे ठेवतेस ते तरी सांगून जायचंस. चाळीस दिवस कडू कॉफी पितोय."

"जन्मभर दुसऱ्याच्या हातची प्यायलात, आता कळेल," स्मारांदा म्हणाली. अशा वेळी थोडी थट्टा चालते. "वरच्या फळीवर आहे. पिठाच्या डब्यामागे, निळ्या बरणीत."

मारियेता उठली. फळीवर हात फिरवला, आणि निळी बरणी घेऊन वळली.

स्मारांदाच्या तोंडातला घास तोंडातच राहिला. ही बरणी तिला कुठून ठाऊक?

तेवढ्यात आतल्या खोलीत पलंग करकरला. कापडाची सळसळ झाली. कोणीतरी हात वर करून झगा डोक्यावरून घेत असावं, सावकाश, खूप दिवसांनी घेतल्यासारखं.

"आत... कोण आहे?"

"कोणी नाही," पांदेले म्हणाला. "जेव."

पुढचं दार उघडून लागल्याचा खटका ऐकू आला. ते दार स्मारांदाच्या पाठीमागे होतं. तिला वळायचं होतं. मान वळली नाही.

"माझे कपडे द्या," ती म्हणाली. "मला जायचंय. माझी पोर वाट बघतेय."

"कपडे गेले, मावशी," मारियेता रडत होती.

"गेले म्हणजे? कुठे गेले?"

"गेले..."

स्मारांदा उठली, उंबऱ्याशी जाऊन उभी राहिली. "मग हाक मारा मला. रीत पुरी करा."

पांदेले जागचा हलला नाही. त्याचा आवाज अगदी मऊ होता. "काय म्हणून मारू? नाव कुठे सांगितलंस तू?"

तिने सांगायला तोंड उघडलं. आईने ठेवलेलं नाव, बाप्तिस्म्याचं, लग्नात पाद्र्याने घेतलेलं. तोंड उघडंच राहिलं. जिभेवर नाव नव्हतं. दात पडल्यावर जीभ जाऊन चाचपते तशी ती आत चाचपत राहिली. नुसती पोकळ जागा.

हाकेवाचूनच ती जिना उतरली. कोणी अडवलं नाही, हे जास्त वाईट होतं. शहरात ती जन्मात प्रथम आली होती, पण बूट कुठेही अडखळले नाहीत. कोपऱ्यावरच्या पावाच्या दुकानातून बाईने हात केला. "पारास्किवाबाई, आज उशीर?" आणि तिचा हात आपोआप वर गेला.

फाटकावर पहारेकरी सूर्यफुलाच्या बिया सोलत होता.

"कोणाला भेटायचंय?"

"इलिंका. माझी लेक. उद्या ऑपरेशन आहे तिचं."

"तिची आई मघाशीच गेली वर. मीच सोडलं. रात्री राहणार आहे म्हणाली."

"मी तिची आई आहे."

"असं? नाव काय तुमचं?"

"पारास्किवा," ती म्हणाली. म्हणायचं नव्हतं तरी म्हणाली.

त्याने टरफल थुंकलं. "घरी जा, आजी. ऊन लागलंय तुम्हाला."

ज्यांना वर सोडत नाहीत ती माणसं मागच्या अंगणात खिडक्यांखाली उभी राहून हाका मारतात. ती त्यांच्यात घुसली. लेकीचं नाव तेवढं शाबूत होतं.

"इलिंका! ए इलिंका, बाळा!"

तिसऱ्या मजल्यावर पोरगी खिडकीत आली. पांढरीफटक, केस विंचरलेले, नीट वेणी घातलेली. तिने खाली पाहिलं. ओळखीचं काहीच डोळ्यांत आलं नाही.

"कोण हवंय तुम्हाला, आजी?"

"अगं, मी... मी आई!"

इलिंकाने आत वळून कोणाला तरी सांगितलं, "आई, खाली एक वेडी बाई आहे गं. बिचारी." आणि ती हसली. कित्येक महिन्यांत ती अशी निर्धास्त हसली नव्हती.

वरून नर्सचा खणखणीत आवाज आला. "इलिंकाजवळ कोण थांबतंय? स्मारांदा कोण?"

स्मारांदा! तेच. तेच ते. तिने छाती भरून श्वास घेतला, ओ द्यायला तोंड उघडलं...

"आले, बाई, आले," वरून उत्तर गेलं. आवाज तिचाच होता.

नर्सची पावलं लांब गेली. कोणाचा तरी हात मागून तिच्या कोपराला लागला. पांदेले होता, टोपी हातात धरून. "चल," तो म्हणाला. "कॉफी करून ठेवलीय. गोड." बूट वळले, त्यांच्याबरोबर तीही.

अंगणाच्या टोकाशी तिने एकदाच मान मागे फिरवली. इलिंका आता खिडकीच्या कट्ट्यावर एका बाजूला तोंड करून बसली होती, बडबडत, खुशीत. तिच्या खांद्यावरून एक हात पुढे आला होता आणि तिच्या बोटांना एकेक करून काहीतरी धरायला लावत होता. भर उन्हात त्याची ज्योत आधी दिसलीच नाही. मग दिसली. प्राण जाताना माणसाच्या हातात देतात, तसली पिवळी मेणबत्ती.