पंधरा प्रकाशवर्षांवरच्या मार्गदर्शक

सह्याद्रीतल्या एका खगोल विद्यापीठात रेवती देऊसकर शिकवायला रुजू झाली, त्याच महिन्यात तिच्या मार्गदर्शक डॉ. यमुना ठाकूरदेसाई तारायानातून दूरच्या ताऱ्याकडे निघणार होत्या. वर्गात उभं राहिलं की रेवतीचा आवाज बसायचा. प्रयोगशाळेत मॅडम सामान आवरत असताना तिने विचारलं, "तुम्ही गेल्यावर मी विचारायचं कुणाला?"

"मलाच. दर आठवड्याला संदेश पाठव. फक्त उत्तराची वाट पाहू नकोस," मॅडम म्हणाल्या. "यान जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने पळणार. तुझा संदेशही प्रकाशाच्याच वेगाचा. पहिले काही महिने सोडले, तर तो आम्हाला गाठेपर्यंत यान परतीला लागलेलं असेल. आणि इथे तीस वर्षं होतील, तेव्हा यानात सहाच झालेली असतील."

"मग बोलून उपयोग काय?"

"कुणीतरी ऐकणार आहे म्हटलं की आपण प्रश्न नीट मांडतो. त्यातच बरंचसं सुटतं."

रेवती बोलत राहिली. मुलं तासाला कंटाळतात, हे तिने रडवेल्या आवाजात सांगितलं. मग एक दिवस सांगितलं, की आज व्याख्यान बाजूला ठेवून मुलांनाच विचारलं, तुमचं कुठे अडतं? शोधनिबंध परत आल्याचं सांगितलं, तो पुन्हा कसा लिहिला तेही. हळूहळू तिचे प्रश्न कमी झाले. नव्याने आलेले प्राध्यापक आता तिच्याकडे येऊ लागले होते. त्यांना काय सांगितलं, ते ती मॅडमना कळवू लागली.

यान परतलं तेव्हा रेवती अठ्ठावन्न वर्षांची विभागप्रमुख होती. मॅडम सत्तेचाळीसच्या. विषय पार बदलला होता, त्यामुळे मॅडमना नव्याने रुजू व्हावं लागलं. नव्या प्राध्यापकाला मार्गदर्शक देण्याचा नियम होता.

"माझं नाव आलंय, मॅडम," रेवती संकोचून म्हणाली. "मी नाही म्हणून कळवते. तुमच्यामुळे मी इथे टिकले. मी तुम्हाला काय शिकवणार?"

"मी तुला एकही उत्तर दिलं नाही, रेवती. परतीच्या तीन वर्षांत तुझे तीस वर्षांचे संदेश एकापाठोपाठ एक येत गेले. तू अडायचीस तिथे मीही अडायचे, आणि दुसऱ्या दिवशी तुझाच पुढचा संदेश वाट दाखवायचा. बदललेला विषय, बदललेली मुलं, सगळं मी तुझ्याकडून शिकले."

रेवतीने मॅडमचे हात हातात घेतले.

"उद्या माझा पहिला तास आहे," मॅडम जरा घाबरतच म्हणाल्या. "तुम्ही येऊन बसाल का वर्गात?"