दासगावचा थांबा

उद्या उजाडल्यावर निघा. चहा घ्या, पोहे खा आणि मग निघा. महाबळेश्वर काही पळून जात नाही. सुचित्रा, तू हसतेस, पण जावईबापूंना समजावून सांग, रात्री निघायचा बेत काढून टाका मनातून. गाडी चांगली आहे, रस्ता आता पूर्वीसारखा राहिला नाही, सगळं कबूल. आणि दासगावला खाडीपाशी चहाला उतरलात, तर दोघं बरोबर उतरा आणि बरोबर गाडीत बसा. का, ते सांगतो. कंदील मोठा करू नकोस, आहे तेवढा पुरे.

बापू वकील तुम्हाला ठाऊक आहेत. आज सकाळी तुम्ही जोडीने ज्या कुमुदवहिनींच्या पाया पडून आलात, त्यांचे यजमान. हे त्या दोघांवरच गुदरलं. बापूने मला इथे, या झोपाळ्यावर बसून सांगितलं. कोर्टात तो काय बोलत असेल ते असो, माझ्याशी कधी खोटं बोललेला नाही.

एकसष्ट साल. आदल्या पावसाळ्यात वहिनींना विषमज्वर झाला होता. एका रात्री डॉक्टरांनी हात टेकले. बापूच्या आईने तुळशीचं पान आणि गंगेचं पाणी उशाशी आणून ठेवलं. आम्ही चार माणसं ओटीवर बसून होतो, कशासाठी ते सांगायला नको. आणि पहाटे वहिनींनी डोळे उघडले आणि पेज मागितली.

वाचल्या. पण पुढे कितीतरी दिवस त्या घरात असून नसल्यासारख्या असायच्या. हाक मारली की वळायच्या, पण जरा उशिराने. जणू हाक लांबून ऐकू येत होती. डॉक्टर म्हणाले, औषधाचं काम संपलं, आता चार दिवस थंड हवेत न्या, मोकळ्या फिरू द्या.

फेब्रुवारीत योग जुळून आला. दुसरा शनिवार, मग रविवार आणि सोमवारी महाशिवरात्र. कोर्टाला तीन दिवस सुट्टी. महाबळेश्वरला बापूच्या एका अशिलाचा छोटा बंगला होता, तो त्याने देऊ केला. वहिनींच्या भावाची म्हसळ्याला लँडमास्टर गाडी होती. त्याने गाडी धाडली आणि बरोबर आपला ड्रायव्हर भिकू दिला. भिकू म्हणजे पस्तिशीचा, घाटातला पक्का माणूस. बोलणं कमी.

शुक्रवारी कोर्ट सुटल्यावर श्रीवर्धनहून निघाले. वहिनींना पाय पसरून पडता यावं म्हणून मागची अख्खी सीट त्यांना दिली, उशी आणि घोंगडी दिली. बापू पुढे भिकूशेजारी. माणगावला जेवून, महाडात मुक्काम करायचा आणि सकाळी घाट चढायचा, असं ठरलं होतं. पण म्हसळ्याच्या पुढे टायर फुटला, दुसरा चढवला तर तोही हवा सोडू लागला. माणगावात पंक्चर काढून घेईपर्यंत रात्र झाली. वद्य पक्ष, चंद्र पहाटेशिवाय उगवायचा नव्हता. वहिनी म्हणाल्या, "थांबायला कशाला हवं? एकदम वरच जाऊ या." आजारपणानंतर त्यांनी आपणहून काही मागितलं ते हे पहिलं. बापूला इतका आनंद झाला की त्याने लगेच हो म्हटलं.

दासगावला खाडीच्या काठाला भागुबाईचं हॉटेल होतं. हॉटेल म्हणजे नारळाच्या झापांचं छप्पर, एक चूल, एक बाक. ट्रकवाले थांबायचे म्हणून ती रात्रीचीही चूल विझवायची नाही. तिथे गाडी थांबली. चहा झाला. वहिनी म्हणाल्या, तोंडावर पाणी मारून येते. भागुबाईने कंदील दिला आणि पाण्याचा पिंप कुठे आहे ते दाखवलं, छपराच्या मागे, खाडीच्या अंगाला. त्या गेल्या.

बापू आणि भिकू पुढच्या चाकाशी वाकून हवा बघत होते. हवा ठीक होती. मागचा दरवाजा लागल्याचा आवाज आला. बापू आत बसला, वळून न बघताच म्हणाला, "बसलीस?"

"हो."

गाडी निघाली.

महाडच्या अलीकडे नाकाबंदी होती. दारूबंदीचे दिवस. रात्रीची गाडी दिसली की पोलीस अडवायचे आणि उघडून बघायचे. येसाजी म्हणून एक जुना हवालदार होता तिथे. त्याने हातातली बॅटरी बापूच्या तोंडावर मारली, मग भिकूच्या, मग मागे.

"मागं काय सामान हाय?"

बापू म्हणाला, "सामान डिकीत आहे. मागे आमची मंडळी आहेत."

येसाजीने पुन्हा बॅटरी मागे धरली. बापूनेही वळून पाहिलं. वहिनी बसल्या होत्या. घोंगडी गुडघ्यांवर, नजर खिडकीबाहेर. उजेड थेट त्यांच्या चेहऱ्यावर होता, पण त्यांनी डोळे मिटले नाहीत की तोंड फिरवलं नाही.

येसाजीने मागचा दरवाजा उघडला. आत वाकला. काठीने सीटखाली चाचपलं. मग हात लांब करून घोंगडी उचलली आणि सीट दाबून पाहिली... वहिनी बसल्या होत्या तिथेच.

बापू कडाडला. "हवालदार, बाईमाणूस बसलंय, दिसत नाही? मी वकील आहे. हात मागे घ्या."

येसाजीने हात मागे घेतला. दरवाजा हळूच लावला. फिरून बापूच्या खिडकीशी आला आणि अगदी शांतपणे म्हणाला, "वकीलसाहेब, जरा तोंडाचा वास द्या."

बापूने आयुष्यात दारू चाखलेली नाही. संतापाने त्याने त्याच्या तोंडावर श्वास सोडला. येसाजीने बॅटरी विझवली. मग भिकूकडे बघून म्हणाला, "साहेबांना जपून ने रं बाबा."

बस. आडवा बांबू वर गेला.

महाड मागे पडलं. भिकू समोर बघत गाडी हाकत होता. बापूच म्हणाला, "काय मूर्ख माणूस आहे. तूच त्याला सांगायचंस, मागे बाईसाहेब आहेत म्हणून."

भिकूने गाडी कडेला घेतली. इंजिन चालू ठेवलं. स्टिअरिंगवरचे हात काढले नाहीत.

"साहेब, मला वाटलं, बाईसाहेब दासगावात ऱ्हायल्या. दरवाजा लागला, पर बसताना गाडी दबली न्हाय. मला वाटलं तुमचं काय ठरलं आसंल, म्हनून मी गप."

"अरे, मी विचारलं तेव्हा ती हो म्हणाली. तुझ्यासमोर."

"तुम्ही इचारलंत, त्ये ऐकलं मी," भिकू म्हणाला. "हो कोन म्हनालं न्हाय."

बापू वळला. वहिनी तशाच बसलेल्या.

"कुमुद."

जरा वेळाने... "हं."

"ऐकलंस?" बापूने भिकूला विचारलं.

भिकूने मान हलवली. नाही. त्याच्या कपाळावर घाम आला होता. म्हणाला, "साहेब, पाया पडतो. गाडी मागं घेऊ. बाईसाहेब तिथं आसतील. भागुबायकडं. वाट बघत आसतील."

आता तुम्हीच सांगा, बापूने काय करायचं? मागे बायको बसली आहे, डोळ्यांना दिसते आहे. त्याला आठवली ती पावसाळ्यातली रात्र. त्या रात्रीही सगळ्यांनी तिला नाही म्हटलं होतं. डॉक्टरांनी, आईने, आम्ही ओटीवर बसलेल्यांनीसुद्धा. एकटा बापू तिचा हात धरून बसला होता आणि ती परत आली होती.

तेवढ्यात वहिनी बोलल्या. खिडकीबाहेर बघतच.

"मागे नका नेऊ. मला वर न्या."

बापू खाली उतरला. मागचा दरवाजा उघडून त्यांच्याशेजारी बसला. त्यांचा हात हातात घेतला. रांजणात बुडवून काढावा तसा गार होता.

"भिकू, चल. वर."

पोलादपूर गेलं. घाट लागला.

भिकूने वरचा आरसा फिरवून काचेकडे केला. मागचं काही दिसू नये म्हणून. वळणं येत होती. दिव्याच्या उजेडात दरड दिसायची, मग काळोख, मग पुन्हा दरड. बापू बोलत राहिला. लग्नातलं, माहेरचं, तिच्या लहानपणचं, सुचेल ते. दर वाक्याला तिचं नाव घ्यायचा. ती उत्तर द्यायची. आधी एक शब्द. मग नुसतं हं. मग...

मग काही नाही.

हात तेवढा हातात होता.

एका वळणावर बापूला वाटलं, हातही नाही. नुसती घोंगडी मुठीत धरली आहे. त्याने खाली पाहिलं नाही. मूठ सोडली नाही. डोळे मिटून घेतले आणि म्हणाला, "मी सोडणार नाही. तू कुठेही असलीस तरी."

किती वेळ... त्याला सांगता आलं नाही. गारवा वाढला. कानात दडे बसले. पुढून भिकूचं पुटपुटणं ऐकू येत होतं, नुसतं देवाचं नाव. आणि मग मुठीत ऊब आली. बोटांनी त्याची बोटं धरली. घट्ट.

बंगल्याशी पोचले तेव्हा पूर्व उजळली होती. माळी मोरू दरवाजा उघडायला आला. गाडीपाशी वाकून म्हणाला, "बाईसाहेब, सांभाळून उतरा, दवानं पायरी निसरडी झालीया."

बापू सांगतो, एवढं गोड वाक्य त्याने जन्मात ऐकलं नव्हतं. भिकूने तेव्हा पहिल्यांदा मागे वळून पाहिलं. आणि उतरून खाली बसला, चाकाला टेकून.

तीन दिवस फार चांगले गेले. वहिनी हसल्या, जेवल्या, बाजारातून स्ट्रॉबेरी आणून द्रोणातून खाल्ल्या. हाक मारली की लगेच ओ देत. बापूने मनाची समजूत घातली, रात्र होती, दमणूक होती, हवालदार झोपेत असेल. डॉक्टरांचं औषध लागू पडलं, झालं.

सोमवारी खाली उतरले. दिवसाउजेडी. बापूला दासगावला थांबायचं नव्हतं, पण घाट उतरून गाडी तापली आणि पाणी घालावंच लागलं. वहिनी गाडीत बसून राहिल्या. बापू उतरला तशी भागुबाई चुलीपुढून उठून आली. रागातच होती.

"वकीलदादा, आज येता व्हय? बाईमानूस रातभर हितं बसवलंत?"

"कोण बाई?"

"तुमची बाई. तोंड धुऊन आली तर गाडी न्हाय. ह्या बाकावर बसली. मी घोंगडं दिलं, पेज दिली, काय घेतलं न्हाय. म्हनली, गाडीत बघतील, मी दिसनार न्हाय, मंग येतील फिरून. मी म्हनलं, येतील गं बाय, दम धर. रस्त्याकडं बघत बसली व्हती."

बापूने वळून गाडीकडे पाहिलं.

"पहाटं उठली," भागुबाई म्हणाली. "म्हनली, न्हाय यायचे आता. त्यांनी दुसरीचा हात धरलाय. आन् खाली पान्याकडं गेली. मी कंदील घेऊन मागं धावले. खाली कोन न्हवतं. चिखलात पाऊल सुदीक न्हवतं."

"भागुबाई," बापू कसाबसा म्हणाला, "आमची मंडळी गाडीत आहे."

भागुबाईने गाडीकडे पाहिलं. वहिनी खिडकीतून तिच्याकडेच बघत होत्या. भागुबाई दोन पावलं मागे सरली. आत जाऊन फडक्यात गुंडाळलेलं काही आणलं, बापूच्या हातात ठेवलं आणि झापाचं दार ओढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी बापू ते माझ्याकडे घेऊन आला. फडक्यात चष्मा होता. वहिनींचा. आजारपणात तो पडून त्याची काडी मोडली होती, ती बापूने स्वतः सतारीच्या तारेने बांधली होती, बेंगरूळ, टोक आत दुमडून. ते बापूचं काम मी लांबूनही ओळखेन. आणि मग त्याने खिशातून दुसरा काढला. दुरुस्तीला देतो म्हणून वहिनींच्या डोळ्यांवरून मागून आणलेला. तीच काडी. तीच तार. तेच दुमडलेलं टोक.

दोन्ही या टेबलावर शेजारी ठेवले. आम्ही बघत बसलो. उचलून बघितले, उजेडात धरले. थोड्या वेळाने आम्हा दोघांनाही सांगता येईना की घरचा कुठला आणि दासगावचा कुठला. बापूने शेवटी एक उचलला आणि घरी नेला. वहिनींनी तो घातला. अजून तोच घालतात. दुसरा माझ्याकडे राहिला.

एवढंच असतं तर मी तुम्हाला अडवलं नसतं. पण गेल्या पाडव्याला दोघं जेवायला आली होती. जेवणं झाली, बापू तिथे, सुचित्रा, तू बसलीस तिथेच सुपारी कातरत होता. वहिनींना दोरा हवा होता म्हणून त्यांनी ते फडताळ उघडलं. त्यांच्या हाताला तो चष्मा लागला. मी उठेपर्यंत त्यांनी आपला काढून ठेवला होता आणि तो घातला होता.

त्यांनी खोलीभर पाहिलं. सावकाश. माझ्याकडे पाहिलं. बापूकडे पाहिलं... नाही, बापू होता तिथे पाहिलं. मग दारातून बाहेर, रस्त्याकडे. बराच वेळ.

मग मला म्हणाल्या, "भाऊजी, हे अजून आले नाहीत का हो?"

बापूच्या हातातला अडकित्ता तसाच राहिला.

मी पुढे होऊन तो चष्मा हलकेच काढून घेतला. त्यांनी आपला घातला, दोरा घेतला आणि बापूला म्हणाल्या, "चला, उशीर झाला."

दोघं गेली. चष्मा मी होता तिथे ठेवून दिला.

वरचा खण. उजव्या हाताला, फडक्यात.