तपासनाक्याच्या अलीकडे

"अहो, थांबा! तो मळ नाहीये!"

यारेली धावत चर्चच्या अंगणातल्या नळापाशी पोहोचली. तिथे एक उंचापुरा माणूस नऊ वर्षांच्या मुलीची मान मीठ-लिंबाने खसाखसा घासत होता. पोरगी रडकुंडीला आली होती. मान लालबुंद झाली होती, पण तिच्यावरचा काळा पट्टा काही जागचा हलला नव्हता.

"मळ नाही तर काय आहे?" तो वैतागून म्हणाला. "शाळेतल्या पोरी हिला घाणेरडी म्हणतात. महिनाभर घासतोय मी."

"रक्तातली साखर वाढायला लागली की मानेवर असं दिसतं." यारेलीने त्याच्या हातातलं लिंबू सरळ काढून घेतलं. "वस्तीतल्या निम्म्या आया हेच करतात. घासत बसतात! डॉक्टरांना दाखवा, ते गोड सोड्याचे डबे पिणं बंद करा, आणि शनिवारी सकाळी हिला माझ्याकडे पाठवा. चालायला, खेळायला."

तो रिकाम्या हाताकडे बघत राहिला. "म्हणजे... महिनाभर मी माझ्या लेकीला... उगाचच..."

एवढा दांडगा माणूस, पण डोळे काठोकाठ भरले होते. यारेलीला तो तिथेच आवडून गेला. आता हे तिने स्वतःशी कबूल करायला दोन महिने लावले, ती गोष्ट वेगळी.

त्याचं नाव एलिसेओ. बायको चार वर्षांपूर्वी गेलेली. दर मे महिन्यात तो लेकीला, सितलालीला, घेऊन उत्तरेला मिशिगनमध्ये चेरी तोडायला जाई आणि थंडी पडली की टेक्सासच्या या दक्षिण टोकाला, मेक्सिकोच्या सीमेजवळ, परत येई. यारेली घरोघर फिरून लोकांना आरोग्याच्या चार गोष्टी समजावून सांगे. चर्च तिला थोडंसं मानधन देई. पण तिचा खरा जीव शनिवारच्या पायपिटीत. कालव्याच्या बांधावरून तीसेक पोरं चालत निघत आणि शेवटी मैदानात दोरीच्या उड्या.

पहिल्या शनिवारी सितलाली बांधावरच्या तिसऱ्या विजेच्या खांबापाशीच धापा टाकत बसली. एलिसेओही आला होता, टाचांचे कातडी बूट घालून.

"या बुटांत पळणार तुम्ही?" यारेलीने विचारलं.

"पळायचंय कुणाला? मागे रेंगाळायला आलोय मी. मास्तरीणबाई सगळ्यांच्या मागे चालतात, असं ऐकलं."

"मागे राहणाऱ्यांना हाकायला चालते मी."

"मग हाका ना!"

"बाबा ट्रकमध्ये लपून सोडा पितात," सितलालीने लगेच चुगली केली.

त्याला पन्नास उड्यांची शिक्षा झाली. बाराव्या उडीला बूट दोरीत अडकून तो आडवा झाला. पोरं खिदळली. यारेली हात द्यायला वाकली... आणि त्याने तो हात जरा जास्तच वेळ धरून ठेवला.

मार्चमध्ये संत्र्याच्या बागा फुलल्या, बांधावर वाऱ्याबरोबर गोड वास येऊ लागला. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही. सितलाली आता धाप न लागता पूर्ण बांध चालायची. पण डॉक्टरांचा कागद बघून यारेलीचा चेहरा उतरला.

"एलिसेओ, साखर अजून काठावरच आहे. दर मे महिन्यात तू हिला उचलून नेतोस. वेगळी शाळा, वेगळा दवाखाना, सगळं अर्धवट. बाराही महिने हिला एकच डॉक्टर हवा. माझ्या मावशीचे दोन्ही पाय या साखरेपायी गेले, चाळिशीत. मी बघितलंय रे..."

एप्रिलच्या शेवटी एका सकाळी तो धावतच आला. "ऐकलं तुझं! मिशिगनमध्ये सफरचंदांच्या शीतगृहात कायमची नोकरी मिळाली. विमा आहे, सितलालीचासुद्धा! एकच डॉक्टर, बारा महिने. आणि... घर मी तिघांचं बघितलंय, यारेली."

यारेली चर्चच्या पायरीवर बसली. कायमची नोकरी म्हणजे तो इथेच शोधेल, असं धरून चालली होती ती.

"मला नाही येता येणार."

"का? मी... आवडत नाही?"

"वेडा आहेस का! उत्तरेला सत्तर मैलांवर सीमा पोलिसांचा तपासनाका आहे ना? तिथे या देशात राहायच्या परवानगीचे कागद विचारतात. माझ्याकडे ते नाहीत."

एलिसेओ इथेच, अमेरिकेत जन्मलेला, त्या नाक्यावरून दरवर्षी जाणारा. हे त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं. आणि वस्तीत हा प्रश्न कुणी कुणाला विचारत नाही. प्रेमात पडतानासुद्धा नाही.

"मग लग्न करू. त्याने तुला कागद..."

"वकिलाला विचारून झालंय माझं." एवढ्या दुःखातही ती लाजली. "नुसत्या लग्नाने नाही भागत. चोरून आलेल्यांनी आधी मेक्सिकोत परत जायचं आणि तिथे दहा वर्षं थांबायचं."

तो तिच्यासमोर उकिडवा बसला. "मग मी जातच नाही. तू फक्त 'थांब' म्हण, यारेली."

एक शब्द. जिभेच्या टोकावर होता. समोर मैदानात सितलाली दोरीवर उड्या मारत होती, गाल लाल, वेण्या उडत होत्या. इथे राहिली तर बापाला ना कायमचं काम, ना विमा; मे उजाडताच पोटासाठी पुन्हा चेरीचे मळे, पुन्हा अर्धवट औषध. हे यारेलीइतकं कुणाला कळत होतं? सल्ला तिचाच होता.

"जा," ती म्हणाली.

"प्रेम नाही माझ्यावर?"

"आहे. खूप आहे. म्हणून तर म्हणतेय... जा."

मेच्या शेवटच्या शनिवारी ती आपल्या खटारा गाडीतून त्याच्या ट्रकमागोमाग निघाली. नाक्याआधीच्या शेवटच्या वळणापर्यंत. तिथे तो उतरला. सितलाली तिच्या कमरेला मिठी मारून हुंदके देत राहिली.

"नाताळला येईन," तो म्हणाला. "दर नाताळला."

"ये. पण तिकडे कुणी चांगली भेटली, सितलालीला आवडली, तर..."

"गप्प बस!" त्याचा आवाज फाटला. त्याने तिच्या कपाळावर ओठ टेकले आणि मागे न बघता ट्रकमध्ये चढला.

यारेली हसत हात हलवत राहिली, पोरीने तिचं रडणं बघू नये म्हणून. ट्रक लहान लहान होत गेला, मग दिसेनासा झाला. सगळा रस्ता मोकळा झाल्यावर ती मोठ्याने म्हणाली,

"थांब ना रे..."